कोल्हापूरच्या बल्बमध्ये कोळसा किती आणि ऊन किती? महाराष्ट्राच्या विजेचं गणित सोप्या भाषेत

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एक आकडा जाहीर केला आणि तो सगळीकडे फिरला. देशाची वीजनिर्मितीची एकूण क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट झाली होती, आणि त्यातली निम्मी म्हणजे सुमारे २४३ गिगावॉट क्षमता कोळसा, गॅस आणि डिझेल न जाळता चालणारी होती. हे उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधीच गाठलं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूनं वेगळ्या पोस्ट फिरत होत्या. "भारतात अजूनही दहापैकी सात युनिट कोळशावरच तयार होतात."

आता यातलं खरं कोणतं? तर दोन्ही. आणि दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं हे समजलं की विजेचा निम्मा विषय समजला. उरलेला निम्मा समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. तो कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. उसाच्या फडात आहे, शिरोलीच्या फाउंड्रीत आहे आणि पाटगावच्या धरणावरही आहे.

मंगळवार पेठेत लाईट येते कुठून?

संध्याकाळी साडेसातला मिरजकर तिकटीपासून खासबागपर्यंत घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात. ही वीज नेमकी कुठल्या केंद्रातून आली, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर देता येत नाही.

कारण वीज पाण्याच्या टँकरसारखी येत नाही. चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, साताऱ्याच्या पठारावरचा वारा, तारापूरची अणुभट्टी, राजस्थानातलं ऊन, सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. यालाच ग्रिड म्हणतात. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही मोठी वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारतही उरलेल्या देशाशी जोडला गेला. तेव्हापासून अख्खा देश एकाच ठोक्यावर चालतो. त्या जाळ्यातून वीज तळंदगे, मुडशिंगीसारख्या मोठ्या उपकेंद्रांत येते, तिथं तिचा दाब कमी होतो, आणि पुढं लहान उपकेंद्र, डीपी आणि शेवटी तुमचं मीटर.

या जाळ्याचा एक नियम लक्षात ठेवा. ज्या क्षणाला जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणाला तेवढीच तयार व्हावी लागते. कमी पडली तरी अडचण, जास्त झाली तरी अडचण. म्हणून विजेच्या बाबतीत "किती?" एवढंच विचारून भागत नाही. "किती वाजता?" हेही विचारावं लागतं. पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे.

क्षमता वेगळी, निर्मिती वेगळी

तालमीच्या वहीत शंभर पोरांची नावं असतात. रोज पहाटे आखाड्यात उतरणारे किती, हा वेगळा आकडा. वहीतली नावं म्हणजे क्षमता, आणि प्रत्यक्ष झालेला व्यायाम म्हणजे निर्मिती.

एक मेगावॉटचं कोळशाचं यंत्र वर्षभरात साधारण ५५ ते ६० लाख युनिट वीज देतं. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प देतो साधारण १५ ते १७ लाख. यात सोलर पॅनेलचा दोष नाही. रात्री ऊन नसतं, सकाळ-संध्याकाळ ते तिरपं असतं, आणि आषाढात कोल्हापुरात ते आठ-आठ दिवस दिसत नाही, एवढंच.

म्हणून क्षमतेत "निम्मी स्वच्छ" हे खरं, आणि निर्मितीत "७० टक्क्यांहून जास्त कोळसा" हेही खरं. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की पहिल्यांदा बघा, आकडा मेगावॉटमध्ये आहे की युनिटमध्ये. मेगावॉट म्हणजे क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष वीज.

कोण कधी कामाला येतं?

महाराष्ट्राच्या विजेतले खेळाडू वेळेनुसार बघितले तर चित्र स्पष्ट होतं.

कोळसा: चंद्रपूर, कोराडी, तिरोडा हे विदर्भातले मोठे पैलवान. एकट्या चंद्रपूरच्या सरकारी केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. रात्रंदिवस चालतात. पण बॉयलर थंड पडला की पुन्हा तापवायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे मनात येईल तेव्हा चालू-बंद करता येत नाहीत. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. राख आणि धूर चंद्रपूरच्या लोकांच्या वाट्याला येतो, लाईट आपल्या वाट्याला.

अणुऊर्जा: पालघर जिल्ह्यातलं तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र. तिथले दोन मोठे संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आहेत. वीज चोवीस तास सारखी, कार्बन जवळजवळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प मात्र स्थानिक विरोध, खर्च आणि करार यांत अडकून अजून कागदावरच आहे.

पाणी: महाराष्ट्रात हा प्रकार फार जुना. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. कोयना १९६० च्या दशकात आली आणि आज तिची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. आपल्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाच्या पायथ्याशी, दूधगंगेच्या काळम्मावाडीला आणि तिलारीच्या पाण्यावर छोटे वीज प्रकल्प आहेत. पाण्याची खासियत अशी की दार उघडलं की काही मिनिटांत वीज तयार. संध्याकाळी मागणी उसळली की धावून येणारा गडी हाच.

वारा: साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. जून ते सप्टेंबर जोरात, उन्हाळ्यात मंद. म्हणजे ढगांमुळं सोलर ढेपाळतं तेव्हा वारा हात देतो.

ऊस: हा आपला घरचा खेळाडू. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओला बगॅस, म्हणजे चिपाड उरतं. ते जाळून कारखाना स्वतःला लागणारी वाफ आणि वीज तयार करतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. यालाच सहवीज प्रकल्प म्हणतात. चिपाड जाळल्यावर निघणारा कार्बन उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून ही वीज कमी कार्बनची मानली जाते. अडचण एकच, धुराडं पेटलं तरच वीज. हंगाम संपला की विषय संपला.

ऊन: सगळ्यात स्वस्त झालेली वीज. नव्या सौर प्रकल्पांचे दर युनिटला सुमारे तीन रुपये किंवा त्याच्या आसपास आले आहेत. पण मिळणार सकाळी आठ-नऊ ते संध्याकाळी पाच याच वेळेत.

म्हणजे राज्याकडे दुपारी स्वस्त वीज भरपूर होत चालली आहे, आणि अंधार पडल्यावर पुन्हा कोळसा आणि कोयना. हे कोडं सोडवायचे दोनच मार्ग आहेत. मागणी दुपारी सरकवा, नाहीतर दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरा. महाराष्ट्र दोन्ही करतोय.

रात्रीची पाळी: जिथं हा विषय जिवावर येतो

शहरातल्या माणसाला "वीज चोवीस तास" एवढंच माहीत असतं. शेतीला थ्री फेज वीज आठ-दहा तासच मिळते, तीही पाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी कशासाठी? कारण रात्री शहर आणि ऑफिसं झोपलेली असतात आणि कोळशाची केंद्रं मात्र चालूच असतात. ती वीज खपवायला शेतीपंप सोयीचे पडले.

सोय ग्रिडची झाली, त्रास शेतकऱ्याचा. रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन फडात जायचं, मोटर चालू करायची, सरीतून पाणी पुढं जातंय का बघत बसायचं. उसात साप, विंचू. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड पट्ट्यात गवे आणि बिबटे. मध्येच लाईट गेली तर परत थांबायचं. पाणी पाजायला गेलेला माणूस सर्पदंशानं किंवा विजेच्या धक्क्यानं गेला, अशी बातमी ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं. मागणी साधी होती. शेतीला दिवसा दहा तास वीज द्या. दिवस-दिवस चाललेल्या त्या आंदोलनात कार्बन हा शब्दही कुणी वापरायची गरज नव्हती. पण या मागणीचं उत्तर द्यायला राज्याकडं सर्वात सोयीचा मार्ग निघाला तो सौरऊर्जेचाच.

दिवसा पाणी पाजायची योजना कशी चालते?

राज्यात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती रखडत चालली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि पुढं तिचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आलं.

कल्पना अशी. गावात दोन फीडर असतात, एक गावठाणाचा आणि एक शेतीचा. ज्या उपकेंद्रातून शेतीचा फीडर निघतो, त्याच्या जवळच्या जागेवर काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची. शेतकऱ्याला नवीन पंप घ्यावा लागत नाही. तीच मोटर, तोच स्टार्टर, फक्त लाईट दिवसा येते. वीज तिथंच तयार होऊन तिथंच वापरली गेल्यामुळं लांबच्या तारांमधली गळतीही कमी होते.

जागेसाठी सरकारी जमीन वापरली जाते, किंवा खासगी जमीन भाड्यानं घेतली जाते. त्यासाठी हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरलेला आहे.

दुसऱ्या टप्प्यातले पहिले पाच प्रकल्प, एकूण १९ मेगावॉटचे, पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात राष्ट्राला अर्पण झाले. त्यातला एक कोल्हापूर जिल्ह्यातला आहे. शिरोळ तालुक्यातलं कोंडिग्रे, क्षमता ३ मेगावॉट.

यात आपल्या जिल्ह्याची खास अडचण जमिनीची आहे. एका मेगावॉटला साधारण चार एकर जागा लागते. मराठवाड्यात माळरान मिळतं. इथं पूर्वेकडं बागायती ऊस आणि पश्चिमेकडं डोंगर, जंगल. उसाच्या रानात पॅनेल लावायला कोण देणार? मग नजर जाते गायरानावर. गायरान म्हणजे गावच्या जनावरांचं रान, त्यामुळं तिथं गावकऱ्यांचा विरोध होतो, आणि त्यात तथ्यही असतं. दिवसा वीज हवी हेही गावालाच, आणि गायरान जायला नको हेही गावालाच.

मग संध्याकाळचं काय?

शेतीपंप दुपारी सरकले, चांगलं झालं. पण मंगळवार पेठेतला साडेसातचा दिवा दुपारी सरकवता येत नाही.

इथं साठवण लागते. एक मार्ग बॅटरीचा. मोबाईलमध्ये असते तीच गोष्ट, कंटेनरएवढ्या आकारात. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या आहेत आणि नव्या सौर निविदांमध्ये त्यांची अट वाढत चालली आहे.

दुसरा मार्ग सह्याद्रीचा. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. एक तळं वर, एक तळं खाली. दुपारी स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. पाच युनिट घातले तर साधारण चार परत मिळतात. घाटमाथा आणि कोकण यांच्यामध्ये शेकडो मीटरचा उतार असल्यामुळं सह्याद्री यासाठी अगदी योग्य. राज्यात भिरा आणि घाटघर इथं असे प्रकल्प आधीपासून आहेत. राज्य सरकारनं २०२३ मध्ये यासाठी धोरण आणलं आणि मोठ्या कंपन्यांचे प्रस्ताव सुरू झाले.

त्यातला एक प्रस्ताव भुदरगड तालुक्यातल्या पाटगाव परिसरातला. अदानी समूहाचा, क्षमता २,१०० मेगावॉट. पाटगाव म्हणजे वेदगंगेवरचं धरण, आणि राज्यात 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जाणारं गाव. २०२३ मध्ये या भागातून प्रकल्पाला जोरदार विरोध झाला. लोकांचा प्रश्न सरळ होता, आमच्या धरणाचं पाणी कोकणाकडं गेलं तर खालच्या शेतीचं काय?

अशा प्रकल्पात तेच पाणी वर-खाली फिरतं, रोज नवं पाणी लागत नाही, हे बरोबर. पण पहिल्यांदा तळी भरायला पाणी लागतंच, आणि बाष्पीभवनानं जे उडतं ते दरवर्षी भरावं लागतं. शिवाय जंगल आणि रस्ते वेगळेच. म्हणून "किती टीएमसी, कुठल्या धरणातून, कुणाच्या वाट्यातून" हे लेखी मिळाल्याशिवाय लोक गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये.

याची कारणं इतिहासात आहेत. कोयनेनं अर्धं शतक राज्याला उजेड दिला, पण धरणात गेलेल्या गावांतली माणसं पुनर्वसनासाठी आजही आंदोलनं करतात. कोयनेचं पश्चिमेकडं वीजनिर्मितीला सोडायचं पाणीही पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं आहे. पाऊस कमी झाला की वीज आधी की शेती आधी, हा वाद दर दुष्काळात निघतो. पाण्यावरची वीज स्वच्छ असते, पण फुकट नसते. तिची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

फाउंड्रीवाल्यांचा यात काय संबंध?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या हे कोल्हापूरचं इंजिन. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६०० युनिट वीज जाते. त्यामुळं युनिटमागे एक रुपया वाढला तर टनामागे सरळ ५५०-६०० रुपये वाढले. राज्याचे दर जास्त म्हणून सीमेपलीकडं कर्नाटकात जाण्याचा इशारा इथले उद्योजक अनेकदा देत आले आहेत, तो यामुळंच.

वर्षानुवर्षं उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सवलत होती. म्हणून अनेक भट्ट्या रात्रपाळीत चालायच्या. आता स्वस्त वीज दुपारी आहे, त्यामुळं २०२५ च्या दर आदेशात सवलतीचा कल दिवसाकडं वळला. घरगुती स्मार्ट मीटरवाल्यांनाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत देण्याची सुरुवात जुलै २०२५ पासून झाली.

हिशेब ग्रिडच्या सोयीचा आहे. पण ज्या कारखान्यानं कामगार, ऑर्डर आणि भट्टी सगळं रात्रीच्या दरावर बसवलं, त्याला पाळी बदलायला खर्च येतो. बदल कुणाच्या सोयीचा आणि कुणाच्या खिशातून, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच इथंही आहे.

आपल्या गच्चीवर जमेल का?

'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं.

तीन किलोवॉटचा संच वर्षाला साधारण ४ हजार युनिट देतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे एका गच्चीमुळं वर्षाला पावणेतीन-तीन टन वाचतो. पावसाळ्यात उत्पादन घटतं, ते फेब्रुवारी-मेमध्ये भरून निघतं.

पेठेत मात्र अडचणी वेगळ्या. जुने वाडे, कौलं, भावकीत वाटलेली घरं, शेजारच्या इमारतीची सावली, अपार्टमेंटची सामायिक गच्ची. पॅनेल घेण्याआधी तीन गोष्टी बघा: सकाळी दहा ते दुपारी तीन सावली पडते का, गच्चीचा हक्क कुणाच्या नावावर आहे, आणि महिन्याला तुमचे युनिट किती येतात. ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आत असतं, त्यांचा दर मुळातच कमी असल्यानं पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात.

बाकीच्या देशांनी काय केलं?

ब्राझीलची बहुतांश वीज कमी कार्बनची आहे, कारण मोठ्या नद्या आणि धरणं. पण दुष्काळ पडला की तिथं संकट येतं. दक्षिण आफ्रिका ८० टक्क्यांच्या आसपास कोळशावर, आणि जुनी केंद्रं वारंवार बंद पडल्यानं तिथल्या लोकांनी कित्येक वर्षं भारनियमन सोसलं. पाकिस्तानात वीज इतकी महागली की लोकांनी एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटची सौर पॅनेल बाहेरून आणली. ज्यांना परवडलं ते ग्रिडपासून दूर झाले, आणि तारांचा खर्च उरलेल्या ग्राहकांवर आला.

भारताची अडचण या सगळ्यांहून मोठी एका बाबतीत आहे. आपला माणशी वापर वर्षाला साधारण १,४०० युनिट, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याला कोळसा कमी करायचा आहे आणि वीज वाढवायचीही आहे, दोन्ही एकाच वेळी. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन देशानं २०२१ मध्ये ग्लासगोला दिलं ते हे गणित समोर ठेवूनच.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

विजेची पुढची बातमी दिसली की चार प्रश्न विचारा.

१. आकडा मेगावॉटचा आहे की युनिटचा?
२. ही वीज किती वाजता मिळणार? दुपारची असेल तर ती दुपारी वापरणारा कोण?
३. साठवण लागणार असेल तर जमीन आणि पाणी कुणाचं?
४. यातून कुणाची रात्रपाळी सुटली, आणि कुणाला नवी लागली?

कोंडिग्रेसारखा ३ मेगावॉटचा प्रकल्प देशाच्या ४८५ गिगावॉटच्या पाटीवर दिसतही नाही. पण त्याच्या फीडरवरच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो मेगावॉट सांगणार नाही. पाणी आता कुठल्या वेळेला पाजतो, ते सांगेल.